सुरीतली खाच

सोलापुरात माझं नाव कशासाठी होतं, ते आधी सांगून टाकतो. मी फार कडक धर्म पाळणारा माणूस समजला जात असे. आमच्या लोकांत आया पोरांना सांगायच्या, "शिका जरा त्याच्याकडून. सुरीला केसाएवढी खाच सापडली तरी कोंबडी परत पाठवतो. मग घरी पाहुणे पाटावर बसलेले का असेनात." यातलं बाकी सगळं खरं होतं. खाच तेवढी नसायची.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मला कधी विडी लपवता आलेली नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. प्रार्थना हिब्रूत आणि भांडणं मराठीत. त्या काळी सोलापुरात आमची मोजकी घरं होती. बहुतेक मूळचे कोकणातले, कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात, कुणी माझ्यासारखे मिलमध्ये. आम्ही नेमके कोण, ते गावाला कधी नीट उमगलं नाही. मिलमधला माझा साहेब मला पारशी समजायचा आणि कामगारांवर देखरेख करणारा जॉबर मला मुसलमान. मी शनिवारी सुट्टी मागितली की दोघंही एकच म्हणत, "शनिवार तर मारुतीचा. तुझं काय त्यात?"

आमचं प्रार्थनामंदिर नव्हतं. शनिवारी सगळे मुकादमांच्या ओसरीवर जमत. मुकादम म्हणजे आमच्या समाजाचे प्रमुख. रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी कुर्डुवाडीला काढलेली. निवृत्त झाले तरी शिट्टी खिशात असायची. प्रार्थना सुरू करायची वेळ झाली की मला म्हणत, "सिग्नल पडला. सोडा गाडी." कारण हिब्रू घडाघडा वाचणारा तिथं मी एकटाच होतो. वडिलांनी तेवढी एकच इस्टेट मागं ठेवली होती.

आमच्यात जनावर कुणीही कापलेलं चालत नाही. शिकलेल्या माणसानं, आशीर्वाद म्हणून, बिनखाचेच्या सुरीनं, मध्ये न थांबता कापावं लागतं. सोलापुरात हे काम करणारे एक म्हातारे हजान, म्हणजे आमचे धर्मविधी करणारे, होते. ते मुलाकडे कराचीला निघून गेले आणि आमच्या घरांवर ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी एवढंच राज्य उरलं. कोकणातल्या माणसाला इथं धड मासा मिळत नव्हताच, आता मटणही गेलं. एका शनिवारी प्रार्थनेनंतर मुकादमांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जा मुंबईला. शिकून ये. तुला बायको नाही, पोर नाही, हिब्रू येतं. ही मोठी मिस्वा आहे."

मिस्वा म्हणजे देवाची आज्ञा, आणि मिस्वा म्हणजे चांगलं काम. आमच्याकडे दोन्हींना मिळून हा एकच शब्द आहे, त्यामुळे नाही म्हणायला जागा राहत नाही. मिलमधून बिनपगारी रजा काढून मी गेलो.

मुंबईचे माझे गुरुजी सुरीच्या बाबतीत फार कठोर. पातं नखावरून न्यायचं, मग बोटाच्या मांसावरून, मग उलट बाजूनं. यात मी पटाईत झालो. गुरुजी मुद्दाम खाच पाडून सुरी द्यायचे आणि मी डोळे मिटून ती दाखवायचो. कायदेही पाठ झाले. कुठलं पाखरू चाललं, कुठलं नाही, कापताना पापणी लवेल इतका वेळ जरी हात थांबला तरी ते बाद, सांडलेल्या रक्तावर माती नाहीतर राख टाकायचीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेही शिकवलं होतं की माणसाचा जीव वाचवायचा असेल तर जवळपास सगळे नियम बाजूला ठेवावेत, तीच त्या वेळची आज्ञा. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

प्रत्यक्ष कापलं ते मात्र थोडंच, आणि तेव्हा गुरुजींनी माझं मनगट धरलेलं असे. कुणाचा हात कापत होता ते मला आजही सांगता यायचं नाही. सुरीच्या परीक्षेत मी पहिला आलो, म्हणून परवानगी मिळाली.

परत आल्यावर पहिली कोंबडी खुद्द मुकादम घेऊन आले, करंडीतून. माझ्या खोलीमागं छोटं अंगण होतं, तिथं मी ती बगलेत धरली. ती इतकी गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. मुंबईला गुरुजींच्या दटावणीत कोंबडीकडे बघायला सवडच झाली नव्हती. इथं तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. कोंबडीची पापणी खालून वर मिटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी सुरी खाली घेतली.

"खाच आहे," मी म्हणालो.

मुकादमांनी चष्मा चढवला. "कुठं? मला तर दिसत नाही."

"दिसायची नाही. नखाला लागते."

त्यांनी सुरी आपल्या नखावरून फिरवली. पुन्हा फिरवली. मग गंभीरपणे मान हलवली. "लागते खरी."

मी धार लावायला बसलो तो मिलचा भोंगा होईपर्यंत. मुकादम कोंबडी बगलेत घेऊन घरी गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले की आपल्याला असा माणूस मिळाला आहे ज्याच्या नजरेतून देवाची चूकही सुटायची नाही.

यानंतर थांबणं कठीण झालं. दर वेळी खाच. खाच सांगून कंटाळा आला की कोंबडीत खोट: ही लंगडते, हिचा पंख दुखावलेला दिसतो, हिच्या चोचीचं काही ठीक नाही. लोक कोंबड्या आणत आणि जिवंत परत नेत. अंड्यांना सुरी लागत नाही, म्हणून सगळी घरं अंड्यांवर आली. अंडी उबली, कोंबड्या वाढल्या. पुढं पुढं शनिवारी आम्ही उभे राहून मुक्यानं जी प्रार्थना करतो, तिच्यात चहूबाजूंनी कोंबडे आरवू लागले. मुकादम डोळे न उघडता खिशातल्या शिट्टीवर हात ठेवत.

तुम्ही विचाराल, सोडून का दिलं नाही? मी मिलमध्ये हजेरी लिहिणारा कारकून. मागं-पुढं कुणी नसलेला. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं की तुमचं मत काय. आता मी ओसरीवर आलो की वयस्क माणसं सरकून जागा करीत, चहाचा पहिला कप मला येई. न कापलेल्या प्रत्येक कोंबडीगणिक माझा मान वाढत होता. याची सवय लागते.

एक मावशी तेवढी भुलली नव्हती. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. विधवा, दवाखान्यात सुईण. आमची निम्मी पोरं आणि शेजारच्या तेलुगू विणकरांची त्याहून जास्त पोरं तिच्या हातची. पोटाकडे बघून महिना सांगणारी तिची नजर होती, आणि ती नजर माझ्यावर पडली की मला पोट आत घ्यावंसं वाटे. एकदा म्हणाली, "काय रे, तुझी सुरी इतकी घासून घासून आता सुई झाली असेल. मला दे, टाके घालायला होईल." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मावशीला ताप भरला. विषमज्वर. ताप उतरला, पण बाई उठेना. अन्नाचा वास नको म्हणायची. तिचे हात चादरीवर वाळक्या शेंगांसारखे दिसत. डॉक्टर होते ब्राह्मण, स्वतः लसूणही न खाणारे. त्यांनी मुकादमांना बाहेर बोलावलं आणि जिन्याकडे बघत म्हणाले, "यांना त्या... त्या पाखराचं पाणी द्या. रोज. नाहीतर मी आशा देत नाही."

आम्ही आत गेलो. मुकादमांनी विचारलं, "मावशी, कोंबडीचा रस्सा घेशील?"

ती हळू बोलली, पण शब्द सगळे नीट लागले. "याच्या सुरीचा असेल तर घेईन. बाजारचा आणलात तर तोंड उघडायची नाही. इतकी वर्षं पाळलं, ते जाता जाता मोडू का?"

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

गुरुजींचं ते वाक्य इथं बोलायचं होतं. 'मावशी, जिवावर बेतलं की बाजारचंही चालतं. तीच आज्ञा आहे.' एवढंच. शास्त्र जाणणारा तिथं मी एकटा. मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलंही असतं. पण मग मुकादम विचारणार, अरे पण बाजारचं कशाला, तू आहेस ना? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. मी म्हणालो, "आणतो मावशी."

आजाऱ्याची सेवा ही मोठी मिस्वा, त्यात मावशीसारखी आजारी. बातमी फिरली आणि तिच्या दारात कोंबड्याच कोंबड्या आल्या, प्रत्येक घरची एक. पुण्य आपल्याच कोंबडीला लागावं म्हणून बायकांत जुंपली. "तुमची म्हातारी आहे, तिचा रस्सा व्हायला दिवाळी येईल." "आणि तुमची काय, कबुतर?" शेवटी मुकादमांनी निकाल दिला, "फलाटावर जी आधी आली ती आधी सुटेल," आणि एक तांबडी कोंबडी माझ्या हातात दिली. "जा. आणि आज खाच काढू नकोस बाबा."

अंगणात मी दगडावर बसलो. सुरी तपासली. आरशासारखी. पुन्हा तपासली. कोंबडीला बगलेत धरलं आणि सुरी गळ्यापर्यंत नेली. पुढं जाईना. खाली ठेवली. पुन्हा उचलली. तिकडे तिच्या खोलीत मावशी माझ्या सुरीवर जीव टांगून पडली आहे, आणि इथं मी कोंबडीची पापणी मिटताना बघतोय. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कुणासाठी होतं ते विचारू नका.

कुडापलीकडे माझा शेजारी घोड्याला खरारा करत होता. तो टांगेवाला, मुसलमान, माझ्याच वयाचा. बराच वेळ बघत असावा.

"क्या बाबू," तो म्हणाला, "मुर्गीकू कहानी सुना रा क्या?"

"मावशीसाठी आहे. आजारी आहे ती."

"मालूम है. मेरेकू बी उनोच पैदा करे. फिर काट ना."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कुडावरून उडी मारून आला. "तेरेसे नै होता. ला इधर." माझ्या हातातून सुरी घेतली, अंगठ्यावर लावून बघितली आणि शीळ घातली. "इत्ती तेज छुरी, और बैठको रोता." मग त्यानं अल्लाचं नाव घेतलं, आणि मी कोंबडीकडून मान वळवून घोड्याकडे बघतो आहे तोवर काम झालं होतं.

रक्तावर राख मी टाकली. तेवढं माझ्या वाट्याला आलं.

मी स्वतःची समजूत कशी घातली, तेही सांगतो. सुरी काशेर, म्हणजे धर्माला चालणारी. कोंबडी काशेर. राख टाकली. देवाचं नाव घेतलं गेलं, आणि देव त्याचा नि आमचा काही वेगळा नाही. राहता राहिला हात. एवढ्या मोठ्या कामात एका हातानं काय होतं?

मुकादमांच्या घरी कोंबडी मीठ लावून धुतली, शिजवली. रस्सा मावशीला गेला. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून मुकादमांनी खाल्ले, आणि तंगडी चोखत म्हणाले, "बघ, योग्य माणसानं कापलेल्या मांसाला चवच वेगळी." तो आठवडा टांगेवाल्यानं आणखी कोंबड्या कापल्या. मावशी आधी बसली, मग उभी राहिली, मग तिनं विचारपूस करायला आलेल्या दवाखान्यातल्या नर्सला शिवी दिली आणि डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. पहिल्यांदा ओसरीवर आली त्या शनिवारी तिनं सगळ्यांदेखत हात पुढं केले. आमच्यात हाताला हात लावून मग आपलीच बोटं ओठांना लावतात, हातबोशी म्हणतात. एरवी ती घाईत उरकायची. त्या दिवशी माझे हात तिनं सोडलेच नाहीत.

मावशी बरी झाली आणि सुरीतली खाच परत आली. लोक म्हणाले, बघा, जिवाचं होतं तेव्हा देवानं पातं सरळ ठेवलं.

मग आला दारफळणीचा सण. त्या दिवशी आम्ही उपास करतो, पांढरे कपडे घालतो, दारं लावून देवाची क्षमा मागतो. पण देव फक्त देवाचे अपराध माफ करतो. माणसाचे केले असतील तर आदल्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन मागावी लागते. म्हणून आदल्या दुपारी सगळे एकमेकांच्या दारात. "काही बोललो-चाललो असेन तर माफ करा." "तुम्हीपण करा." आणि बहुतेक जण पुढच्या घरी जाण्याच्या घाईत. मी मात्र ठरवून निघालो. मावशीला सांगायचं. रस्सा कुणी कापला ते, आणि तिला खरा नियम सांगितला नाही तेही. रस्त्यात चार वेळा वाक्य जुळवलं.

मावशी दारातच उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "बरा आलास. मीच येणार होते. मला माफ कर."

"मला कशाला मावशी? मीच—"

"मध्ये बोलू नको. एकदा थांबले तर पुन्हा सांगायची नाही." तिनं चौकट धरली. "मी तुझ्याबद्दल वाईट बोललेय. नळावर, दवाखान्यात, सगळीकडे. म्हणायचे, याच्या सुरीत खाच नाही, याच्या काळजात आहे. हा कोंबडीला भितो आणि देवाचं नाव सांगतो. आजारात तुझ्याच सुरीचा हट्ट धरला, तो का? मरायच्या आधी तुझं सोंग उघडं पाडायचं होतं मला. आणि तू मुकाट्यानं कापून आणलंस. माझ्यासाठी. मी खोटी निघाले रे. एका धार्मिक माणसाची बदनामी केली. त्याला माफी नाही, तूच दिलीस तर."

आयुष्यात पहिल्यांदा मावशी रडताना पाहिली. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. पण खरं बोललो असतो तर तिनं इतकी वर्षं पाळलेलं तेव्हाच मोडलं असतं, असं मी मनाला सांगितलं. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, बरंही वाटलं. ते लपवून आता काय मिळणार?

मी म्हणालो, "मावशी, मी तुला माफ केलं."

वर हेही म्हणालो, "असं पुन्हा बोलू नको कुणाबद्दल."

दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला आमच्यात शिळा सण म्हणतात. भेटीगाठी, दानधर्म. मावशी सकाळीच माझ्या अंगणात हजर, हातात पांढरी कोंबडी. "माझ्या माफीची आहे. काप, सगळे मिळून खाऊ." आणि दगडावर बसली. टांगेवाला कुडापलीकडे आला, मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आकाशाकडे पाहिलं.

त्या दिवशी मी कापली. आशीर्वाद म्हणालो, सुरी लावली, आणि अर्ध्यावर माझा हात थांबला. क्षणभरच. मग पुढं गेला. पण थांबला होता.

"झालं?" मावशी म्हणाली.

"नाही. बाद झाली. मी मध्ये थांबलो."

हा मी सोलापुरात दिलेला पहिला खरा निकाल. कोंबडी टांगेवाल्याला दिली. "हौ, अबी हिसाब बरोबर," म्हणून तो घेऊन गेला. आणि मावशी दुपारपर्यंत घरोघर सांगून आली, "मी डोळ्यांनी पाहिलं. थांबला कुठं ते मला दिसलंही नाही, पण त्यानं स्वतःहून सांगितलं. असा माणूस."

पुढं माझी सुटका केली ती लग्नानं. सासरे मुंबईचे, त्यांनी एका हुशार भाच्याला शिकवून सोलापुरात आणून बसवलं, तो दिवसाला डझन कापी. माझी सुरी मी कांद्याला वापरू लागलो. दर वर्षी दारफळणीच्या आदल्या दिवशी मावशीकडे जायचो, "काही चुकलं असेल तर" म्हणायचो, आणि ती म्हणायची, "तुझ्याकडून काय चुकणार?" एवढ्यावर वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेत, काही न मागता.

ज्याचा अपराध केला तो वारला, तर आमच्यात सांगितलं आहे की दहा माणसं घेऊन थडग्यापाशी जावं आणि त्यांच्यादेखत कबूल करावं. पण सोलापुरात आता आमची दहा माणसं कुठं आहेत? मुकादम गेले, कुणी मुंबईला, कुणी इस्रायलला. म्हणून हे लिहिलं. तुमच्यात दहा जण शेवटपर्यंत वाचणारे निघतील अशी आशा.

आणि टांगेवाल्याला घेऊन मी जाऊनही आलो. त्याचा आता टांगा आणि गुडघे दोन्ही कुरकुरतात. वाटेत विचारलं, "दस में मैं चलतूं क्या?"

"नाही."

"फिर मेरेकू काय कू लाया?"

"साक्षीला."

थडग्यापाशी मी टोपी नीट केली, आमच्या रीतीप्रमाणे थडग्यावर खडा ठेवला, आणि वाक्य जुळवत उभा राहिलो. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून वाकला आणि कानात सांगावं तसं म्हणाला, "मौसी, वो मुर्गी मैं काट्या था. छुरी इसकीच थी. ये बाजू में खडा होको घोडा देख रा था." मग मला म्हणाला, "बोल दिया. तेरा कुछ बाकी है तो बोल, मैं टांगेमें बैठतूं."

तो गेल्यावर मी बोललो. मराठीतच. "मावशी, त्या दिवशी मी तुला माफ केलं होतं, ते परत घेतो. तू काही चुकीचं बोलली नव्हतीस."